पान बांधलेली ब्रोकोली

हुडकेश्वर, नागपूर
४ डिसेंबर २०२४

मिनल,

ब्रोकोली पाठवणं बंद कर.

वर आशीर्वाद लिहिला नाही, तो विसरली म्हणून नाही. तीन वर्षं मी तुझं नाव घेतलं नाही अन् आता काम पडलं म्हणूनच घेऊन राहिली. फोन करत नाही. फोनमधी कोणाले लावला ते सगळं दिसते, अन् या घरात माझा फोन कोण कोण पाहते हे मले अजून कळायचं आहे. चौथी शिकलेल्या बाईले कागद पुरते. टपालपेटीत मी स्वतः जाऊन टाकीन, कोणाच्या हाती देणार नाही.

आता विचारते त्याचं सरळ उत्तर दे. गेल्या महिन्यापासून आमच्या घरी ब्रोकोली येऊन राहिली. तुझी वहिनी मयुरा म्हणते, भाजीवाल्याजवळून घेतली. तुझे बाबा म्हणतात, मी सदरच्या बाजारातून आणली. तुझ्या भावाले, सुशीलले विचारलं तर त्यानं मोबाईलमधून डोकं न काढता सांगितलं की तब्येतीले चांगली राहते. मी आणली म्हणणारे दोघं, अन् कुठून आणली विचारलं की खोकणारे तिघं.

पहिल्या दिवशी तर मी ते फूल कचऱ्यात टाकायले निघाली होती. मले वाटलं फुलकोबीले बुरशी चढली. मयुरानं हातातून घेतलं, म्हणे, आई, हे असंच राहते. मग तिनं तुरे तोडले, उकळत्या मिठाच्या पाण्यात टाकले अन् लगेच चाळणीत ओतले. कढईत तेल, ठेचलेला लसूण, भिवापुरी मिरची तोडून, मूठभर तीळ, अन् मोठ्या आचेवर दोन हात हलवून गॅस बंद. झाकण ठेवलं नाही. झाकणानं हिरवा रंग जाते म्हणे. इकडे माझ्या वरणाच्या कुकरची शिट्टी व्हायची होती अन् तिची भाजी ताटात. मी खाल्ली. वाईट नव्हती. एवढंच लिहिते.

पण काल पिशवी माझ्या हाती लागली. मयुरा कपडे वाळत घालायले गच्चीवर गेली होती. उघडून पाहिलं तर प्रत्येक फुलावर त्याचीच पानं वाकवलेली, अन् वरून सुतळीच्या तुकड्यानं बांधलेली. सोडून पाहिलं तर आतलं फूल फिक्कं, पिवळट, उन्ह न पाहिलेलं.

फुलकोबीले पान बांधतात, ती पांढरी राहावी म्हणून. मी लहान होती तवापासून वावरात तेच केलं. पण ब्रोकोलीले? जी हिरवी म्हणूनच विकते तिले उन्हापासून लपवणारा माणूस मले एकच माहीत आहे. तो पारशिवनीले राहते अन् तो माझा बाप आहे. बापूजीनं सारी जिंदगी फुलकोबी लावली. तू त्याले ब्रोकोली लावायले शिकवली असशील, पण पान न बांधायले नाही शिकवू शकली.

तुमाले वाटलं, फुलकोबी आली तर प्रयाग ओळखीन, हे नवीन फूल नाही ओळखणार. तू सासर सोडून आली तेव्हा मी म्हटलं, परत जा. बापूजी म्हणाले, पोट्टी माझ्याजवळ राहीन. त्याच दिवशी मी दारात सांगितलं होतं, त्या वावरातला दाणा माझ्या घरात येणार नाही. दाणा म्हणजे भाजीपण. तुमाले चांगलं समजलं होतं.

कोण आणून देते, कवापासून देते, अन् कायले देते, ते लिही.

प्रयागबाई


११ डिसेंबर

मिनल,

तुझं उत्तर नाही. टपालाले उशीर होते, म्हणून मी वाट पाहिली. ब्रोकोलीले मात्र उशीर होत नाही, ती येऊनच राहिली.

मी घरात अजून कोणाले काही बोलली नाही. बोलली की ते सावध होतील. मी फक्त पाहते. भाजी आली की खाते पण, कारण न खाल्ली तर विचारतील काहून नाही खात. तेव्हा मी शब्द मोडला असं समजू नको.

सोमवारी मयुरानं बेसन पेरून केली. बारीक चिरून, मोहरी, हिंग, हळद, कांदा परतून वरून कोरडं बेसन पेरलं, पाण्याचे दोन हबके मारले, अन् खरपूस होईपर्यंत उलथवत राहिली. तुझ्या बाबानं तीन पोळ्या खाल्ल्या. काल किसणीवर किसून भुर्जी केली, कांदा-टमाटर घालून, वरून हिरवा सांबार, बाजारवाले कोथिंबीर म्हणतात तो, चिरून टाकला. तिच्या हातून सांबार नेहमी जास्त पडते, काल बरोबर पडला. एवढ्या झटपट एवढं चांगलं करायले ती कुठं शिकली? मागच्या वर्षीपर्यंत तिले ढेमसं शिजवता येत नव्हतं. फुलकोबीवर बेसन पेरायची रीत आमच्या माहेरची आहे. माझ्या मायनं मले देली, मी तुले. मयुराले मी देली नाही. मग कोणी देली, ते मी विचारत नाही.

मी दुसरंच विचारते.

शनिवारपासून गॅसवर आमच्या पातेल्याशेजारी एक लहान गंज राहते. आमची भाजी वेगळी अन् त्या गंजातली वेगळी. त्यात ती ब्रोकोलीचे देठ सोलून टाकते, मुगाची डाळ टाकते, एकदम मऊ शिजवते अन् रवीनं घोटते. तिखट नाही, मीठ नावाले. मी विचारलं, हे कोणासाठी. म्हणे, माझं पोट बरं नाही. अन् त्याच दुपारी माझ्यासमोर बसून मिरचीच्या ठेच्यासंगं भाकर खाल्ली. बिघडलेल्या पोटाची बाई ठेचा खाते का?

आमच्या घरात दात नसलेलं कोणी नाही. ते घोटलेलं कोणासाठी शिजते?

सकाळी ती इतकी घाई करते की दुधावर लक्ष राहत नाही. तुझे बाबा दोन खणांचा डबा घेऊन निघतात. रिटायर झाल्यापासून ते त्यांच्या दोस्ताच्या, कृष्णकांतभाऊच्या दुकानात बसायले सदरले जात, पण दुपारी जेवायले घरी येत. आता डबा नेतात. चार वाजता डबा परत येते तो घासून येते. बत्तीस वर्षांत त्या माणसानं स्वतःची वाटी घासली नाही.

अन् पानं. फुलं येतात त्यासंगं पानं येतात, पण कचऱ्यात पानं नसतात. मयुरा म्हणते, गाईले टाकली. आमच्या गल्लीतल्या गाईले मी रोज पोळी देते. ती गाय सांगू शकली असती तर मीच विचारलं असतं. माझ्या देवघराखालचं सुतळीचं बंडल पण गेलं.

मले दोन संशय आहेत. एक तुझ्या बाबावर, तो लिहायची लाज वाटते. दुसरा तुझ्यावर. उत्तर दे.

प्रयागबाई


१९ डिसेंबर

मिनल,

अजूनही उत्तर नाही. म्हणजे तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं आहे.

मी सदरले गेली होती. कोणाले न सांगता, ऑटोनं. कृष्णकांतभाऊचं चष्म्याचं दुकान उघडं होतं, ते एकटेच बसले होते. मले पाहून ते इतक्या जोरात उठले की समोरच्या फ्रेमा पडल्या.

म्हणाले, या वहिनी, मारोतराव आत्ताच गेले. मी म्हटलं, कुठं? म्हणाले, बँकेत. मी म्हटलं, डबा खाल्ला का? म्हणाले, हो हो, इथंच संगं बसून खाल्ला. तुमच्या हाताले काय चव आहे वहिनी.

मी विचारलं, "कोणती भाजी होती?"

ते म्हणाले, "आलू-वांगं."

तुझ्या बाबाच्या जिभेले वांगं खाजते. आमच्या लग्नाच्या पंगतीत त्यांनी वांग्याची भाजी ताटातून उचलून या कृष्णकांतच्याच ताटात टाकली होती, तेव्हा तो माणूस विसरला असं मी मानत नाही. घाबरला होता. मी पडलेल्या फ्रेमा उचलून देल्या अन् परत आली. ते पायऱ्यांपर्यंत मागं आले, म्हणे, वहिनी, मारोतराव देवमाणूस आहे, मनात काही आणू नका. ज्याच्याबद्दल असं सांगायची पाळी येते, त्याच्याबद्दल मनात काय येईन?

एक संशय घेऊन मी घरी आली अन् ओट्यावर पिशवी होती. आजची पिशवी. मी उघडली.

फुलं हिरवीगार होती. एकाही फुलावर पान बांधलेलं नव्हतं.

मी पूर्ण पिशवी उलटी केली. मागच्या आठवड्यातल्या दोन-चार फुलांवर सुतळी होती. या वेळी एकावरही नाही. पानं सरळ उभी, उन्हात वाढलेली. बाजारात चांगला भाव येईन असं फूल. कोणीही म्हणीन, अकल आली.

मी पिशवी झटकून सुतळीचा तुकडा शोधला.

बापूजीले तू सांगून पाहिलं असशीन, की आबाजी, याले पान नाही बांधत. मी ओळखते त्याले. तो मान हलवतो अन् आपलंच करतो. माय मेली तेव्हा तेरवीच्या दुसऱ्या दिवशी तो पहाटे वावरात पानं बांधत होता. ताप असला तरी बांधतो. जोवर तो वावरात उभा आहे तोवर त्या वावरातून पान न बांधलेलं फूल बाहेर जाऊ शकत नाही. आधी बांधलेली होती ती संपली. नवीन कोणी बांधली नाही.

मिनल, बापूजी कुठं आहे?

मी आता तुझ्या बाबावरचा संशय सोडला. ते गंजातलं घोटलेलं अन् ही हिरवी फुलं, दोन्ही संगं ठेवून पाहून राहिली. दात नसलेलं माणूस मले आता आठवून राहिलं.

हे पत्र पोचल्या पोचल्या लिही. खोटं लिहू नको. आहे तेवढं लिही. आहे किंवा नाही, तेवढं.

प्रयाग


२४ डिसेंबर

मिनल,

तू लिहिलं नाही, म्हणून मी माझ्या रीतीनं विचारलं.

आज सकाळी मयुरा आंघोळीले गेली तेव्हा तो लहान गंज मीच गॅसवर चढवला. देठ सोलले. सोलायचे तर वरची साल पूर्ण काढायची, धागा राहिला तर घशात अडकते. मयुरा ती अर्धीच काढते. मुगाची डाळ घातली, हळद घातली, आल्याचा रस पिळला. घोटून झाल्यावर जवस भाजला, कुटला, अन् चमचाभर जवस वरून मिसळला. आजाऱ्याले जवस देऊ नये असं कोणी म्हणत असीन तर म्हणू दे. बापूजीच्या घरी कोणाले ताप आला की मुगाच्या घोट्यावर जवस पडायचा. माय घालायची. मायनंतर मी घालायची. दुसऱ्या कोणाले हे माहीत नाही, तुले पण नाही, कारण तू तिथं कधी आजारी पडली नाही.

मयुरा आंघोळीहून आली अन् भरलेला डबा पाहून उभी राहिली. मी म्हटलं, उशीर होऊन राहिला ना तुले. तिनं डब्याचं झाकण लावलं. तुझे बाबा घेऊन गेले. जाताना माझ्याकडे पाहिलं नाही.

ज्यानं खायचा तो ओळखीन. ओळखलं तर काहीतरी होईन. दुसऱ्या कोणाचा असला तर डबा रोजसारखा घासून येईन. मी वाट पाहून राहिली.

(चार वाजता)

डबा आला. तुझ्या बाबानं तो ओट्यावर ठेवला, घासला नव्हता. मग बाहेर ओसरीवर जाऊन बसले.

वरच्या खणात काहीच उरलं नव्हतं, बोटानं पुसून खाल्लेलं. खालच्या खणात ब्रोकोलीचं एक पान होतं. घडी घालून वाकवलेलं अन् वरून सुतळीची गाठ. माझ्याच बंडलातली सुतळी.

आमच्या घरचा रिवाज तुले माहीत आहे, कोणाचं भांडं रिकामं परत देत नाही. साखरेचे चार दाणे का होईना, टाकून देतो. तो माणूस रिवाज विसरला नाही.

पण ती गाठ. बापूजीची गाठ मी आंधळी झाली तरी ओळखीन. ही त्याचीच आहे, पण उलटी. डाव्या हाताची. ढिली, वाकडी, दोनदा सुटून परत बांधलेली. पानावर नखाचे ओरखडे आहेत.

मी मयुराले हाक मारली. तिले म्हटलं, बस. अन् आता खोकू नको.

प्रयाग


२५ डिसेंबर

मिनल,

हे पत्र टपालात टाकत नाही. डब्याच्या पिशवीत ठेवून राहिली, म्हणजे दुपारी तुझ्या हाती येईन.

मयुरानं सगळं सांगितलं. रडत सांगितलं, म्हणून वेळ लागला. माझं पहिलं पत्र निघालं त्याच आठवड्यात बापूजी पान बांधता बांधताच वाफ्यात बसले अन् त्याले उठता आलं नाही. उजवी बाजू गेली. तू त्याले नागपूरले दवाखान्यात आणलं अन् तेव्हापासून त्याच्या खाटेजवळ बसली आहे. म्हणजे मी पारशिवनीच्या पत्त्यावर तुले शिव्या घालत होती तेव्हा तू माझ्या घरापासून एका ऑटोच्या अंतरावर होती. वावरात मुकुंद गडी आहे, तो फुलं तोडून सकाळच्या बसनं पाठवते, तुझे बाबा बसस्टँडवरून उचलतात. मुकुंदले पान बांधायचं माहीत नाही, अन् त्यानं बांधलं नाही म्हणून मले कळलं. डॉक्टरनं हाताले कसरत म्हणून रबराचा चेंडू देला होता, तो बापूजीनं फेकला अन् पानं मागितली. आमच्या गल्लीतल्या गाईवर मी उगाच संशय घेतला.

मले काहून नाही सांगितलं, हे विचारलं. मयुरा म्हणाली, आजोबानंच मना केलं होतं. त्याचे शब्द तिनं जसेच्या तसे सांगितले. "प्रयागले सांगू नका. ती माझ्या दुखण्यापायी आली, तर दुखणं गेल्यावर परत जाईन."

जीभ जड झाली म्हणतात, पण टोमणा पूर्ण निघाला.

अन् माझी पत्रं मुकुंद बसच्या पिशवीतून पाठवते अन् तू ती त्याले वाचून दाखवते, हे पण कळलं. सगळी वाचली? वांग्याची पण? तुझ्या बाबावरच्या संशयाची पण? मयुरा म्हणते, कृष्णकांतची गोष्ट ऐकून बापूजी इतके हसले की नर्स धावत आली. तू उत्तर का देलं नाही तेही कळलं. त्यानंच म्हटलं म्हणे, तिले लिहू दे, तिचं भांडण सुरू आहे तोवर ती ठीक आहे.

मयुराले बेसन पेरायची रीत तू फोनवर शिकवली, हे तिनं न विचारता सांगितलं. बरं केलं.

आज मी येत नाही. आज आली तर भांडीन. कोणाकोणाशी भांडायचं ते आधी ठरवते. उद्या येते. डबा मी आणीन, तुझे बाबा घरी राहतील, त्याले सांगितलं. ते म्हणाले, सुशीलची माय, मी पण येतो. मी म्हटलं, तुमी कृष्णकांतसंगं आलू-वांगं खा.

आता ऐक. मी आली की उठून बाहेर जाऊ नको. मी तुझ्याशी बोलीन का नाही, हे मले आज माहीत नाही. नाही बोलली तरी तू बसून राह्य. परवा गौरांग दिसला होता, तुझा नवरा, बाजारात. मले पाहून त्यानं नमस्कार केला अन् मी पिशवी दुसऱ्या हातात घेऊन पुढे गेली. याचा अर्थ तुले जो काढायचा तो काढ, मी लिहीत नाही.

डबा तीन खणांचा आणून राहिली. खालच्यात बापूजीचं घोटलेलं, जवस घालून. मधल्यात तुझं. लसूण-तीळ घालून, मिरची जास्त, झाकण न ठेवता. दवाखान्यात बसून तू काय खाते ते मयुरानं सांगितलं, ते खाणं नव्हे. वरच्या खणात माझं. मी तिथंच जेवीन, तुमच्यासंगं, त्याच वावरातलं. दारात जे बोलली होती ते तिथं कोणी काढू नये.

एक काम कर. मुकुंदले फोन करून सांग, उद्याच्या पिशवीत एक अख्खं फूल पाठव, मुळासकट उपटून, पानं न तोडता. बापूजीची गाठ उलटी पडून राहिली. डाव्या हातानं बांधायची तर सुतळी खालून घ्यावी लागते, वरून नाही. तो माझ्याशिवाय कोणाचं ऐकणार नाही. तो पान धरीन, मी दाखवीन.

तू सुतळी धर.

आई